साठ क्रेडिट आणि एक नदी

न्यू जर्सीत वाढलेल्या मुलांना गाडीत पेट्रोल भरता येत नाही. पंपावर स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी असलेलं हे आता देशातलं एकमेव राज्य. इथे काच खाली करायची, 'रेग्युलर, फुल' म्हणायचं आणि फोन बघत बसायचं. त्यामुळे लेकीला कॉलेजात सोडायला निघालो आणि पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा थांबलो, तेव्हा ती पंपाशी नुसतीच उभी राहिली. नळी कुठली उचलायची, कार्ड आधी की नंतर, थांबायचं कधी. नवरा शिकवायला खाली उतरला तशी म्हणाली, "बाबा, तू बस. मी व्हिडिओ बघते." आणि बघून भरलंही.

राज्याराज्यांतला हा फरक गमतीचा. ज्या फरकापायी आम्ही त्या दिवशी आय-८० महामार्गावर होतो तो एवढा गमतीचा नव्हता. कॉलेजची दोन वर्षं न्यू जर्सीत करून ती उरलेली दोन मध्यपश्चिमेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात, बिझनेसच्या पदवीसाठी, करायला निघाली होती. म्हणजे ट्रान्सफर, आणि तीही राज्याबाहेर. विद्यापीठाचं नाव घेत नाही. पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे आणि लेक अजून तिथेच शिकतेय.

भारतातून इथे येताना आपण व्हिसा, विमान, इमिग्रेशनची रांग असं सगळं पार करतो आणि मग मनात पक्कं बसतं की सीमा काय ती ही एकच, ती ओलांडून झाली. आत सगळा एक देश. एक डॉलर, एक पोस्ट, एक आयआरएस, म्हणजे फेडरल करखातं. माझ्या बाबतीत तर हे जरा जास्तच. मी एन्रोल्ड एजंट आहे. लोकांचे कर भरून देते आणि वेळ पडली तर आयआरएससमोर त्यांची बाजू मांडते. हा परवाना वॉशिंग्टनचा, ट्रेझरी खात्याचा. तीन भागांची परीक्षा द्यायची, पदवीची अट नाही, आणि पन्नासही राज्यांत चालतो. सीपीएचा, म्हणजे इथल्या सीएचा, परवाना मात्र राज्य देतं आणि त्यासाठी कॉलेजचे क्रेडिट मोजतं. क्रेडिट म्हणजे एकेक विषय पुरा केला की खात्यात जमा होणारी एककं. पुण्याच्या माझ्या तीन वर्षांच्या बी.कॉम.ला इथे चार वर्षांच्या पदवीची बरोबरी मिळेना, तेव्हा मी त्या वाटेचा नाद सोडला आणि वॉशिंग्टनची वाट धरली. त्यामुळे आपली पदवी परक्या टेबलावर ठेवून कुणीतरी तिचं वजन करतंय, हा अनुभव मला होता. तो माझ्या इथे जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या मुलीलाही येईल, आणि तोही याच देशात, याची कल्पना नव्हती.

सुरुवात काउंटी कॉलेजपासून, म्हणजे आपापल्या काउंटीचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. आपल्या लोकांत 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द आवाज खाली आणून उच्चारतात. गणपतीच्या आरतीनंतर कुणी विचारायचं, "कुठे असते गं ती सध्या?" मी खणखणीत सांगायचे, आणि विचारणारीच ओशाळायची. हिशोब अगदी साधा होता. न्यू जर्सीत हायस्कूलमध्ये वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या मुलांना आपापल्या काउंटीच्या कॉलेजात ट्युशन, म्हणजे शिकवण्याची फी, माफ होते. योजनेचं नाव एनजे स्टार्स. ती त्या १५ टक्क्यांत होती. शिवाय २००७ सालचा एक कायदा आहे, तो मांडणाऱ्या तेव्हाच्या असेंब्ली सदस्य पॅमेला लॅम्पिट यांच्या नावाने ओळखला जातो. काउंटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. ही दोन वर्षांची पदवी घेतलेल्या मुलांचे क्रेडिट राज्यातल्या सरकारी विद्यापीठांनी पूर्ण धरायचे, पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसवायचं नाही. साठ क्रेडिट घेऊन जायचं आणि प्रवेश मिळाला की थेट तिसऱ्या वर्षात बसायचं. घराजवळ रटगर्स, न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, तिथे बिझनेस स्कूल, अकाउंटिंगपासून सगळं. बेत कसा शिजलेला होता.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिने तो मोडला. सप्लाय चेन, म्हणजे माल बनण्यापासून गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं शास्त्र, शिकायचंय म्हणाली, आणि तेही तिकडे मध्यपश्चिमेत.

आमच्या घरात या विषयावर सगळ्यात मार्मिक बोलली ती माझी नणंद. "सप्लाय चेन शिकायला न्यू जर्सी सोडून मक्याच्या शेतात जातं का कुणी?" मुद्दा बिनतोड. टर्नपाइक या आमच्या टोलच्या महामार्गावरून एक्झिट ८ए ला उतरा, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथे गोदामंच. वर नुअर्कचं बंदर. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज याच बंदरातून ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं आणि मालवाहतुकीचं जगच फिरलं. हे आम्हाला लेकीनेच जेवताना सांगितलेलं. सप्लाय चेन रटगर्समध्येही शिकवतात. आणि तिला ज्या बिग टेनच्या, म्हणजे मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा-गटाच्या, मॅचेसचं एवढं आकर्षण, त्या बिग टेनमध्ये रटगर्स २०१४ पासून आहे. (खेळतात कसे, हा प्रश्न नवऱ्याने चर्चेबाहेर ठेवला.)

लेक शांतपणे ऐकून घ्यायची. शेवटी एकदा म्हणाली, "आत्या, पुस्तकं सगळीकडे तीच असतात. मला जिथे कुणी ओळखत नाही तिथे राहून बघायचंय. बाकीच्यांना हे अठराव्या वर्षीच मिळालं."

ते खरंच होतं. तिच्या मैत्रिणी दोन वर्षांपूर्वीच बॉस्टन, पिट्सबर्ग, डेलावेअर अशा पांगल्या होत्या. ही रोज आमचीच गाडी घेऊन कॉलेजात जायची आणि रात्री आमच्याबरोबर जेवायची. दोन वर्षांत आमचे जे पैसे वाचले, ते तिने वाचवून दिले होते. त्यातले ती आता मागत होती. अशा मागणीला 'रँकिंगमध्ये फार फरक नाही' हे उत्तर होऊ शकत नाही. माझ्या मते घर सोडण्याची इच्छा हे विद्यापीठ निवडण्याचं पुरेसं कारण आहे. मी स्वतः तर त्यासाठी अटलांटिक ओलांडला.

तरी किंमत बघून छातीत धस्स झालं, हे कबूल. राज्यातल्या मुलांना जी ट्युशन, तिच्या जवळजवळ तिप्पट बाहेरच्यांना. यामागचं तर्कशास्त्र कळायला अवघड नाही. सरकारी विद्यापीठाला पैसा राज्याच्या तिजोरीतून जातो, तिजोरी राज्याच्या करदात्यांची, मग सवलत त्यांच्याच मुलांना. कर हा माझा धंदा असल्याने वाद घालायला मला जागाच नव्हती. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांना पैसे देताना हात आखडता घेतला आणि बाहेरची मुलं हा अनेकांचा कमाईचा रस्ता झाला. अलाबामा विद्यापीठात निम्म्याहून जास्त पदवी-विद्यार्थी राज्याबाहेरचे आहेत. डेलावेअरचंही तसंच, आणि तिथे आमच्या न्यू जर्सीची मुलं ढिगाने. उलट नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ पासून पहिल्या वर्षाच्या प्रवेशात बाहेरच्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातलेली, कॅलिफोर्नियानेही २०१७ मध्ये आपल्या बहुतेक कॅम्पसना १८ टक्क्यांचीच वेसण घातली. एकजण पाहुण्यांना पायघड्या घालतो, दुसरा दार अर्धंच उघडतो, आणि आतल्या घरच्या लेकरांना मात्र दोघंही वेगळ्या ताटात वाढतात.

काही राज्यांनी आपसात समझोते केलेत. पश्चिमेकडच्या राज्यांच्या गटात एकमेकांच्या मुलांना घरच्या फीच्या दीडपटीपेक्षा जास्त लावत नाहीत. मध्यपश्चिमेचा असा गट आहे, दक्षिणेचा आहे, न्यू इंग्लंडचा आहे. न्यू जर्सी कुठल्याच गटात नाही. आमची शेजारीण न्यूयॉर्कही नाही आणि पेनसिल्व्हेनियाही नाही. आम्ही तिघी मानी.

मग मदतीचा हिशोब. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं अनुदान), फेडरल कर्ज हे वॉशिंग्टनचं, ते मुलाबरोबर कुठेही जातं. पण आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर वर्षाला मिळणार जास्तीत जास्त ७,५०० डॉलर. न्यू जर्सीची राज्य-मदत न्यू जर्सीतच खर्च करायची. आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या? त्या मुख्यतः हायस्कूलमधून थेट येणाऱ्यांसाठी. मधूनच येणाऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. आम्ही दोन वर्षांची बचत आणि थोडं कर्ज यांची मोट बांधली. आकडे इथे लिहीत नाही, नणंद वाचते.

लेकीला वाटत होतं एक वर्ष पूर्ण फी भरायची, मग तिथली रहिवासी व्हायचं. तिथलं लायसन्स काढते, मतदार यादीत नाव घालते, उन्हाळ्यातही तिथेच राहते. तिने वाचून ठेवलं होतं की असा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय. गेलाय खरा. १९७३ चा, कनेक्टिकटविरुद्धचा. तिथला नियम असा होता की अर्ज करताना बाहेरचे असाल तर शिक्षण संपेपर्यंत बाहेरचेच, काहीही झालं तरी. एक विद्यार्थिनी कनेक्टिकटच्या मुलाशी लग्न करून तिथे राहायला आली होती. लायसन्स तिथलं, गाडीची नोंदणी तिथली, मत तिथलं, आणि विद्यापीठ म्हणे तू परकीच. न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. पण त्याच्या दोनच वर्षं आधी मिनेसोटाचा नियम, की सवलत हवी तर आधी वर्षभर राहा, त्याच न्यायालयाने चालवून घेतला होता. म्हणजे परकेपणाला कायमचा शिक्का मारता येत नाही, पण तो पुसायला काय लागेल हे राज्य ठरवू शकतं.

आणि राज्यं ठरवतात. फॉर्म मी वाचला. फॉर्म वाचणं हे माझं पोट आहे. वर्षभराचं वास्तव्य हवं, ते शिक्षणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी हवं, आणि आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचं घर म्हणजे आई-वडिलांचं घर. आम्ही तिला आमच्या कराच्या रिटर्नवर अवलंबून म्हणून दाखवतो. म्हणजे तिने लायसन्स बदललं काय नि तिथल्या आमदाराला मत दिलं काय, ती न्यू जर्सीचीच. "मग माझं नाव काढून टाक ना तुझ्या रिटर्नवरून," ती म्हणाली. मी म्हटलं, जोवर तुझा खर्च आम्ही करतोय तोवर असं होत नाही. आणि लग्नाचा तो खटला पुन्हा वाचू नकोस.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा त्यात एक वाक्य असं होतं की वाचून आम्ही पेढे आणले. साठच्या साठ क्रेडिट मान्य. दुसऱ्या पानावर तक्ता होता. डावीकडे तिचे इथले विषय, उजवीकडे तिथले त्याला समांतर विषय. मायक्रोइकॉनॉमिक्ससमोर त्यांचा मायक्रोइकॉनॉमिक्स, मॅक्रोसमोर मॅक्रो, फायनान्शियल अकाउंटिंगसमोर त्यांचं अकाउंटिंग. ठीक. पुढे बिझनेस लॉ, समोर 'जनरल इलेक्टिव्ह'. एक्सेल शिकवणारा कोर्स, समोर 'जनरल इलेक्टिव्ह'. इंट्रोडक्शन टू बिझनेस, पुन्हा तेच. स्टॅटिस्टिक्स, समोर 'अभ्यासक्रम तपासणीसाठी प्रलंबित'.

या 'जनरल इलेक्टिव्ह'चा अर्थ समजून घ्यायला लागला, आणि ट्रान्सफरच्या वाटेवरच्या कुणालाही मी हा एकच सल्ला देईन: पहिलं पान बघू नका, दुसरं बघा. क्रेडिट मान्य होणं वेगळं आणि ते पदवीच्या कामाला येणं वेगळं. बिझनेसच्या पदवीत हव्या त्या विषयाला जागा थोडीच असते, बाकी सगळं ठरलेलं. ती थोडी जागा भरली की उरलेले क्रेडिट कागदावर शोभेला. बिझनेस लॉ तिने चांगल्या मार्कांनी केला होता. पण तिथे तो विषय तिसऱ्या वर्षाचा, आणि दोन वर्षांच्या कॉलेजात शिकलेला विषय तिसऱ्या वर्षाचा म्हणून धरायचा नाही असा नियम. बऱ्याच बिझनेस स्कूल्समध्ये तो आहे. त्यांच्या मानांकनाचा प्रश्न असतो, पदवीवर नाव त्यांचं असतं, हे कळतं. पण करार काय, भागीदारी काय, ऑफर आणि स्वीकृती काय, हे तिने दुसऱ्या वर्षाला असताना वाचलं म्हणून कमी खरं होत नाही.

न्यू जर्सीत राहिली असती तर लॅम्पिट कायदा पाठीशी होता. तो कायदा राज्याच्या सीमेवरच्या डेलावेअर नदीच्या अलीकडच्या काठावर संपतो. पूल ओलांडला की तुमच्या क्रेडिटचा वाली कुणी नाही. कंटेनरची सगळी करामत हीच होती ना, की जहाजावरून ट्रकवर, ट्रकवरून रेल्वेवर, आणि मधे कुठेही खोका उघडायचा नाही. आत काय आहे ते पाठवणाऱ्याने लिहून दिलंय, पुढच्याने ते मानायचं. शिक्षणात अजून १९५६ च्या आधीचं बंदर चालू आहे. प्रत्येक धक्क्यावर खोका फोडायचा, एकेक नग काढून बघायचा, काही वाटेत गहाळ व्हायचे. किती गहाळ होतात? काँग्रेससाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षकांनी, जीएओने, २०१७ मध्ये अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेल्याचा त्यांचा अंदाज आहे. हे वाचल्यावर मला आमचा तक्ता बराच बरा वाटायला लागला.

स्टॅटिस्टिक्सचं प्रकरण लांबलं. त्यांना आठवड्यावार अभ्यासक्रम हवा होता, कुठल्या आठवड्यात काय शिकवलं. तिच्या सरांनी वाटलेल्या कागदावर हजेरीचे नियम होते, नकलेची शिक्षा होती, मार्कांची विभागणी होती, आणि अभ्यासक्रमाबद्दल एकच ओळ: 'अध्याय १ ते १२'. सर तासावर शिकवणारे, सेमिस्टर संपल्यावर दुसरीकडे गेलेले. विद्यापीठाला एवढंच जाणून घ्यायचं होतं की रिग्रेशन, म्हणजे दोन गोष्टींतला संबंध मोजायची रीत, शिकवलं होतं का. शिकवलं होतं. पण सिद्ध कसं करायचं? लेकीने पुस्तकाची अनुक्रमणिका, स्वतःची वही आणि गृहपाठाचे कागद स्कॅन करून पाठवले. त्यातल्या एका गृहपाठात घराचं क्षेत्रफळ आणि किंमत यांचा आलेख होता, आणि मार्जिनमध्ये सरांनी लाल शाईने लिहिलेलं: 'उतार बरोबर, एकक विसरलीस.' त्या ओळीमुळे काम झालं असं तिचं म्हणणं. असेलही.

या सगळ्यात मी एकदा न राहवून विद्यापीठाला फोन लावला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र. म्हणाला, तुमच्या मुलीच्या नोंदीबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. १९७४ चा फर्पा कायदा. मूल अठराचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या. आई-वडिलांना हवं असेल तर त्या विद्यापीठाला मुलाची लेखी संमती लागते. मी परक्या माणसांच्या कराबद्दल त्यांचं मुखत्यारपत्र घेऊन आयआरएसशी तासन् तास बोलते, आणि पोटच्या मुलीचा मायक्रोइकॉनॉमिक्स मला विचारता येत नाही! रात्री लेकीला म्हटलं, ती संमती देऊन टाक. ती म्हणाली, "आई, नको." पुढे काही बोलली नाही, मीही नाही. घर सोडायचंय म्हणाली होती, त्यात हेही येत असणार.

क्रेडिट तिच्याबरोबर गेले, पण मार्क गेले नाहीत, हे तिथे पोचल्यावर खऱ्या अर्थाने जाणवलं. बहुतेक ठिकाणी असंच असतं. जुन्या कॉलेजचे क्रेडिट येतात, ग्रेड येत नाहीत, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, पुन्हा कोऱ्या पाटीवर. ऐकायला छान वाटतं. पण बिझनेसच्या मुलाला तिसऱ्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप म्हणजे अर्धी नोकरी, आणि कंपन्या त्या उन्हाळ्यासाठी आदल्या पानगळीत मुलाखती घेतात. ती ऑगस्टमध्ये पोचली, सप्टेंबरमध्ये करिअर फेअर. भल्यामोठ्या जिम्नॅशियममध्ये टेबलांच्या रांगा, सगळी मुलं सुटाबुटात, हातात चामडी फोल्डर. तिच्या कागदावर जीपीएच्या जागी लिहिलेलं, जुन्या कॉलेजचा इतका, इथला अजून नाही. एका टेबलावरच्या बाईने तो वाचला, हसून दोन वाक्यं बोलली आणि कागद उलटा करून बाजूला ठेवला. बाकीच्यांचे सुलटे होते, हे माझ्या लेकीच्या नजरेतून सुटलं नाही. ऑनलाइन अर्जात तर जीपीएचा चौकोन रिकामा ठेवताच येत नव्हता.

तिच्या वर्गातल्या मुलांनी दोन वर्षं तिथेच काढलेली. केस कॉम्पिटिशनचे, म्हणजे धंद्यातले प्रश्न सोडवायच्या स्पर्धांचे, गट ठरलेले, कन्सल्टिंग क्लबात कोण आहे नि कोणाच्या ओळखीने आलंय ते ठरलेलं. त्या क्लबांना प्रवेश परीक्षा असते, मुलाखतीच्या फेऱ्या असतात, हे मला आधी थट्टाच वाटली. कॉलेजात शिरल्यावर कॉलेजातल्या मंडळात शिरायला पुन्हा मुलाखत! एका क्लबने नकार कळवताना लिहिलं की आम्ही शक्यतो पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं घेतो. नव्यांसाठी आठवडाभर ओरिएंटेशन, ट्रान्सफरवाल्यांना अर्धा दिवस, त्यातही बराच वेळ पार्किंगच्या नियमांवर. वर्गात ती ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, वाटा शोधताना फ्रेशमन, पहिल्या वर्षाची. रविवारच्या फोनवर ती हे सगळं रडत सांगत नव्हती, हे मुद्दाम लिहिते. पण जेवली का विचारलं की "हो" एवढंच यायचं. पूर्वी काय जेवली ते तपशिलात यायचं.

तिची पुढची मैत्रीण ट्रान्सफर ओरिएंटेशनमध्येच भेटली होती, फक्त तिला ते नंतर उमगलं. ही मुलगी तिशीची, सैन्यातून बाहेर पडलेली, तीन राज्यांतल्या तीन कॉलेजांचे क्रेडिट गोळा करून आलेली. तिचा तक्ता तीन पानी होता म्हणे. दोघींनी मिळून ऑपरेशन्सचा प्रोजेक्ट घेतला. विषय: कॅम्पसच्या डायनिंग हॉलमध्ये दुपारी सव्वाबाराची रांग. तिने रांगेचं गणित मला फोनवर समजावलं, सरासरी किती माणसं, खिडक्या किती, एक खिडकी वाढवली तर वाट बघणं कितीने घटतं. निम्म्याहून जास्त घटतं, हे ऐकून मला उगाच आनंद झाला. आवाज पहिल्यासारखा आला होता म्हणून असेल.

पदवीला एक सेमिस्टर जास्त लागणार हे आता नक्की आहे. बिझनेस लॉ पुन्हा करायचा, आणि सप्लाय चेनचे वरचे विषय एकापुढे एक असे लावलेले की आधीचा झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही. एक सेमिस्टर म्हणजे पुन्हा बाहेरच्यांची फी. रटगर्समध्ये वेळेत आणि बऱ्याच कमी पैशांत झालं असतं का? बहुतेक झालं असतं. नवरा अजूनही अधूनमधून हा हिशोब काढून बसतो, आणि हिशोब बरोबरच असतो. तरी तिने जावं असंच मला आजही वाटतं. तिचा प्रश्न वेळेचा किंवा पैशाचा नव्हता, आणि पैशाने ज्याचं उत्तर मिळतं असे प्रश्न मुलांनी विचारायचं दिवसेंदिवस कमी होतं.

इंटर्नशिप मिळाली, वसंतात, उशिराच्या फेरीत. मोठी वितरण कंपनी, कामाचं ठिकाण क्रॅनबरी, न्यू जर्सी. म्हणजे एक्झिट ८ए. नणंदेचा फोन बातमी पोचायच्या आधीच आल्यासारखा आला. "बघ, म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, म्हटलं होतंत खरं. उन्हाळाभर ती आमचीच गाडी घेऊन कामाला जाणार.

मार्चमध्ये तिचे कराचे कागद मी केले. कॅम्पसच्या लायब्ररीत तिने काही तास काम केलं होतं, त्या राज्याने पगारातून राज्यकर कापलेला. मी अनिवासीचा फॉर्म काढला. ती व्हिडिओ कॉलवर बघत होती.

"थांब. मी तिथली नाही म्हणून ते माझ्याकडून तिप्पट फी घेतात ना?"

"हो."

"आणि मी तिथली नाही तरी कर घेतात?"

"पैसे तिथे कमावलेस. जिथे कमाई तिथे कर. न्यू जर्सीही मागेल, पण तिथे भरलेला वजा करून देईल. तुझी कमाई एवढी कमी आहे की बहुतेक सगळं परत येईल."

"पण तो कर विद्यापीठाला जातो?"

"थोडा जात असेल."

"मग त्यांना सांग, तेवढी फी कमी करा."

मी म्हटलं, त्याचा फॉर्म वेगळा असतो, तो मी वाचलाय. आता सही कर.